मागच्या बोळातून येऊ नकोस

जिन्यात एक मुलगी भेटली. वरच्या मजल्यावरची रिकामी जागा बघायला आली होती. नोकरी नवी, शहर नवं, खांद्याला बॅग, आणि दिवसभर जागा बघत हिंडल्याचा शीण चेहऱ्यावर. जागा तिला आवडली असावी, कारण उतरता उतरता ती थांबली आणि म्हणाली, "काकू, एक विचारू का? माझी कधीकधी रात्रपाळी असते. इथं उशिरा यायला काही प्रॉब्लेम नाही ना?" मी म्हटलं, "छे गं, चांगली वस्ती आहे. बिनधास्त ये." ती हसली, दोन पायऱ्या उतरली, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "फक्त मागच्या बोळातून येऊ नकोस. मोठ्या रस्त्यानं ये." तिनं वळून पाहिलं. 'बरं' म्हणाली. पण ते म्हणण्याआधी क्षणभर तिची नजर हिशेब मांडत होती, आणि तो हिशेब माझ्या ओळखीचा होता. पंचविशीत मीही तो रोज मांडायचे.

ती गेली आणि माझीच दोन वाक्यं माझ्यामागे लागली. वस्ती चांगली आहे. बोळातून येऊ नकोस. दोन्ही मी मनापासून बोलले होते, दोन्ही मला खरी वाटत होती, आणि तरी शेजारी शेजारी ठेवली की ती एकमेकांशी भांडत होती. वस्ती चांगली आहे तर तिच्यातला एक तुकडा मी का वगळला? आणि तो तुकडा वाईट आहे तर इतकी वर्षं आम्ही सगळे त्याला खेटून सुखानं कसे राहतोय? शिवाय हे सगळं मला सांगितलं कुणी? पोलीस ठाण्यात जाऊन मी काही आकडे पाहिले नव्हते. कुणी बसवून समजावलं नव्हतं. अंधार पडला की पाय आपोआप मोठ्या रस्त्याकडे वळायचे, एवढंच. इमारतीतल्या सगळ्याच बायकांचे वळतात. पुरुषांपैकी काहींचे वळतात, काहींचे नाही.

बोळ तसा लहान. एका बाजूला आमच्या इमारतीची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्याची उंच कुंपणभिंत, आणि मधे दोन माणसं शेजारून जातील इतकी वाट. दिवसा तिथं भिण्यासारखं काही नाही. भिंतीच्या भेगेतून एक रोप उगवलंय, पाइपातून ठिबकणाऱ्या पाण्यानं शेवाळ धरलंय, ओल्या चुन्याचा वास येतो. मधे एक खांब आहे. खांबाला दिव्याचा लोखंडी दांडा आहे, पण त्याच्या टोकाला दिवा नाही. काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळलेल्या दोन वायरी तेवढ्या लोंबतात. पलीकडच्या टोकाचा दिवा लागतो, पण कारखान्यातल्या झाडाची फांदी वाढून त्याच्या पुढ्यात आली आहे. उजेड सगळा पानांवर पडतो आणि जमिनीवर पोहोचतात त्या पानांच्या सावल्या. वारा असला की सगळी वाट हलते आहे असं वाटतं. मध्यावर बोळ जरासा वळतो, त्यामुळे या तोंडाशी उभं राहून त्या तोंडाचं काही दिसत नाही. आमच्या इमारतीच्या त्या बाजूला खिडक्या आहेत, पण त्या न्हाणीघरांच्या, उंचावर, दुधी काचेच्या. म्हणजे आत माणसं आहेत, उजेड आहे, पाण्याचा आवाज आहे, आणि तरी बोळात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

तळमजल्यावरच्या माईंची चेन या बोळाच्या तोंडाशी गेली. पहाटे फिरून परत येत होत्या. मागून मोटरसायकल आली, तिचा वेग कमी झाला, आणि पुढे काय झालं ते माईंना आजही नीट सांगता येत नाही. त्यांना आठवतो तो आवाज, गाडी हळू होतानाचा. गळ्यावर एका बाजूनं लाल रेघ उमटली होती, ती काही दिवसांत गेली. चेन मिळाली नाही. त्यांनी तक्रार दिली, ती नोंदली गेली, पोलिसांनी नीट विचारपूस केली, असं त्या आवर्जून सांगतात. पण आता त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालताना मागून एखादी गाडी हळू झाली की त्यांचा उजवा हात गळ्याशी जातो. गळ्यात आता काही नसतं, तरी जातो. त्यांचं बोलणं चालूच असतं, नातवाच्या परीक्षेचं, गुडघ्याचं, आणि त्यातच हात वर जातो, गाडी पुढे निघून गेली की खाली येतो. त्यांना स्वतःला ते कळतही नसावं. मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

तो हात कुठल्या रकान्यात लिहायचा?

रकाने मी नंतर शोधले. त्या मुलीला दिलेल्या उत्तरामागे काही आधार आहे का, हे मला बघायचं होतं. आपल्याकडे देशभरातले गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, प्रसिद्ध करतो. विभाग १९८६ साली स्थापन झाला. गुन्ह्यांचा अहवाल मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९५३ पासून निघतो आहे. दर काढायची रीत सोपी आहे. नोंदलेल्या गुन्ह्यांना लोकसंख्येनं भागायचं आणि दर लाखामागे किती ते सांगायचं. पण या सोप्या भागाकारात बऱ्याच गोष्टी निसटतात. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजणीत धरतात. आणि गुन्हे वाढणं व गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका, असं तो विभागच आपल्या अहवालात बजावतो. जिथं आलेल्या प्रत्येकाची तक्रार लिहून घेतात तिथला आकडा मोठा दिसणार, आणि जिथं माणूस ठाण्याची पायरीच चढत नाही तिथं सगळं आलबेल दिसणार. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलिसांना थेट करता येतो अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात दिला. तो देण्याची वेळ आली, यातच सगळं आलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम ३०४ खाली हिसकावून नेण्याला स्वतंत्र गुन्ह्याची जागा मिळाली. म्हणजे माईंची चेन आज गेली असती तर तिची नोंद या वेगळ्या कलमाखाली झाली असती. माईंना बसलेला हिसका तोच, पण कागदावर तो दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसला असता.

भागाकाराचा खालचा आकडाही फसवा असतो. व्हॅटिकनमध्ये हजाराच्याही आत माणसं राहतात आणि वर्षाकाठी लाखो प्रवासी येऊन जातात. त्यांच्या खिशांतून जे चोरीला जातं ते तिथल्या मूठभर रहिवाशांच्या डोक्यांवर वाटलं की व्हॅटिकन जगातल्या सर्वाधिक गुन्ह्यांच्या जागांपैकी एक ठरतं. कुठल्याही शहरातल्या स्टेशनालगतच्या भागाचं थोड्याफार फरकानं हेच होतं. राहणारे थोडे, वावरणारे अफाट. बदनामी मात्र राहणाऱ्यांच्या वाट्याला येते.

आणि जे आकड्यात शिरतच नाही त्याचं काय? पहिल्या मजल्यावरच्या मुलाचा फोन गर्दीत कुणीतरी मारला. त्यानं तो गहाळ झाला असं लिहून दिलं, कारण त्याला सिमकार्ड परत मिळवायला एक कागद हवा होता आणि चोरीच्या मागे धावायला वेळ नव्हता. झाली चोरी, नोंदलं गेलं विसरभोळेपण. समोरच्या इमारतीतल्या एका मुलीच्या मागे कुणीतरी सलग काही संध्याकाळी चालत येत होतं. अंतर राखून, एक शब्द न बोलता. तिनं क्लासची वेळ बदलली. नोंद कुठंच नाही. म्हणूनच अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून घरोघरच्या लोकांनाच विचारतात, की गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत काय काय घडलं. अमेरिकेतल्या त्या पाहणीत वर्षानुवर्षं दिसतं ते असं, की हिंसक गुन्ह्यांपैकीही साधारण निम्मेच, कधी त्याहून कमी, पोलिसांपर्यंत पोहोचतात. बाकीचे माणसं पोटात ठेवून जगतात.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि जिन्यातली ती दोन वाक्यं भांडायची थांबली. १९८९ साली गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेले सव्वातीन लाखांच्या आसपास फोन पत्त्यांनुसार लावून पाहिले. शहरात पत्ते होते सुमारे १ लाख १५ हजार. त्यातल्या अवघ्या ३ टक्क्यांच्या आसपास पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. पुढे दुसरे गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड यांनी अमेरिकेतल्याच सिएटलमध्ये १९८९ ते २००२ या काळातले गुन्हे रस्त्यांच्या एकेका तुकड्यावर, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, मांडले. तिथंही चार-पाच टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे, आणि वर्षामागून वर्ष बहुतेक तेच तुकडे. सर्वांत महत्त्वाचं मला वाटलं ते हे, की ज्या भागांना सगळं शहर वाईट म्हणतं तिथलेही बहुतेक रस्ते शांत होते, आणि ज्यांना चांगलं म्हणतात तिथंही एखादा तुकडा धगधगत होता. 'वाईट वस्ती' असं आपण किती सहज म्हणतो. वस्ती म्हणजे हजारो माणसं, शेकडो दारं. वाईट असतो तो बहुधा एखादा कोपरा, एखादं वळण, एखादा दिवा नसलेला खांब. पाय ते ओळखतात. तोंड मात्र सगळ्या वस्तीचं नाव घेतं.

हे मी इतक्या पोटतिडकीनं लिहिते आहे त्याला कारण आहे. बोळाच्या पलीकडे एक दाट वस्ती आहे. छोटी घरं, एकमेकांना टेकलेली. माईंची चेन गेली त्या सकाळी आमच्या आवारात जे पंधरावीस जण जमले होते त्यांतल्या बहुतेकांनी त्या दिशेला पाहिलं. कुणी स्पष्ट काही बोललं नाही. एकानं नुसतं हनुवटीनं तिकडे दाखवलं आणि सगळ्यांना समजलं. मोटरसायकल आली होती मोठ्या रस्त्यानं आणि गेली होती मोठ्या रस्त्यानंच. ती चालवणारे कोण, कुठले, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या इमारतीत तिकडच्या पोरांना गच्चीवरची टाकी साफ करायला बोलावणं बंद झालं. एका मुलाला नोकरीच्या ठिकाणी पत्ता विचारला आणि पत्ता ऐकल्यावर विचारणाऱ्याचा सूर बदलला, हे त्याच्या आईनं मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. गुन्ह्याची झळ कुणाला बसते याचा विचार करताना आपण ज्याचं काही चोरीला गेलं तिथंच थांबतो. त्या मुलाचंही काहीतरी गेलंच की.

आणि त्या बोळाचा धोका सर्वांत जास्त कुणाला आहे? आम्हाला नाही. आम्ही मोठ्या रस्त्यानं येऊ शकतो. पहाटे पावणेपाचला त्या अंधारातून बाहेर पडतात त्या पलीकडच्या बायका. कचेऱ्या झाडायला, इस्पितळात पहिल्या पाळीला, कुणाच्या घरी आजाऱ्याचं करायला. त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते की ताई. म्हणून तर आम्ही तिघी-चौघी थांबून एकत्रच निघतो. एखादी आली नाही तर फोन लावतो, पण एकटी कुणी शिरत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या न्हाणीघराचा दिवा लागलेला असला की बरं वाटतं. कुणीतरी जागं आहे म्हणून." त्या दुधी काचेतून मला बाहेरचं काही दिसत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ती पहाटेच्या गाडीच्या घाईत होती.

भीती आणि प्रत्यक्ष धोका यांचं गणित कुठंच सरळ नसतं, हे गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. रस्त्यावरच्या मारामारीत, लुटीत सापडतात ते जास्त करून तरुण पुरुष. आणि देशोदेशीच्या पाहण्यांत घाबरतो असं सांगतात त्या जास्त करून बायका आणि म्हातारी माणसं. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की ही भीती अवाजवी आहे. मला ते पटत नाही. सत्तरीतल्या बाईला धक्का बसला तर तिचं खुब्याचं हाड मोडतं, विशीतल्या पोराचा गुडघा खरचटतो. घटना एकच, पुढचं आयुष्य वेगळं. आणि बाईला रस्त्यावर जे सोसावं लागतं त्यातलं पुष्कळसं मोजलंच जात नाही. मग भीती आकड्यापेक्षा मोठी दिसणारच. माझ्या तरुणपणी मी संध्याकाळचा एक वर्ग लावला होता, मला फार आवडणाऱ्या विषयाचा. परत येताना वाटेत एक लांबलचक भिंत लागायची. किल्ली मुठीत अशी धरायची की टोक बोटांमधून बाहेर येईल. पुढे एखादं कुटुंब चाललेलं असलं तर पावलं उचलून त्यांच्या जवळ जायचं, त्यांच्यातलीच वाटावी इतकं. घरी आई खिडकीत उभी असायची, दिवा मालवून, म्हणजे बाहेरचं नीट दिसावं म्हणून. मला एकदाही काही झालं नाही. पण पावसाळा आला, अंधार लवकर पडायला लागला आणि तो वर्ग सुटला. माझं नाव कुठल्याही नोंदवहीत नाही. माझ्यासारख्या किती जणींनी काय काय सोडलं असेल, ते कुठल्याच भागाकारात येत नाही.

दुसऱ्या बाजूनं, भीती वाढवणारंही आजूबाजूला पुष्कळ आहे. माईंची चेन गेली ती कॅमेऱ्यात धूसर दिसते. ती चित्रफीत इमारतीच्या ग्रुपवर आली, मग शेजारच्या, मग कुणाच्या तरी मावशीकडून फिरून पुन्हा आमच्याच ग्रुपवर, या वेळी वेगळ्या भागाचं नाव लावून. पाहणाऱ्याच्या मनात एका चेनच्या दहा चेन झाल्या. अमेरिकेत १९९३ नंतर हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण खूपच उतरलं, साधारण निम्म्यावर आलं. आणि त्याच काळात लोकांची मतं आजमावणाऱ्या गॅलप या संस्थेच्या पाहण्यांत बहुतेक वर्षी बहुसंख्य लोक सांगत राहिले की देशात गुन्हे वाढताहेत. स्वतःच्या भागाबद्दल विचारलं की मात्र तेच लोक कमी घाबरलेले असत. जे रोज चालून माहीत आहे त्याची भीती कमी, जे पडद्यावरून येतं त्याची जास्त.

'हल्ली कुणी कुणाच्या मदतीला येत नाही' हे वाक्यही असंच पसरलेलं. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी खिडकीतून बघत राहिले आणि एकानंही पोलिसांना बोलावलं नाही, अशी बातमी तेव्हा छापून आली आणि जगभर गेली. पुढे तपासून पाहणाऱ्यांना दिसलं की तो आकडा फुगवलेला होता; सगळा प्रकार पाहणारे फार थोडे होते, आणि एक शेजारीण तर धावत खाली जाऊन किटीला कुशीत घेऊन बसली होती. ज्या वर्तमानपत्रानं ती बातमी दिली त्यानंही २०१६ मध्ये हे मान्य केलं. २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली २१९ भांडणं त्यात तपासली होती. दहांपैकी नऊ प्रसंगांत आजूबाजूच्या निदान एकानं तरी मधे पडून काहीतरी केलं होतं. माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यता जास्त. माईंच्या वेळीही वर्तमानपत्रं टाकणारा एक जण सायकल तिथंच टाकून गाडीमागे धावला होता. गाडी सापडायची नव्हतीच. पण माई आजही आधी त्याचं सांगतात आणि मग चेनचं.

तर मग कोपरा बदलतो कशानं? अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामधला एक प्रयोग मला फार जवळचा वाटतो. तिथं संशोधक चार्ल्स ब्रानस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४१ ओसाड मोकळ्या जागा घेतल्या आणि चिठ्ठी टाकावी तशा वाटून त्यांतल्या काही सुधारल्या, काही तशाच ठेवल्या. सुधारणा म्हणजे तरी काय? कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं. बुटकं अशासाठी, की ओलांडून कुणालाही जाता यावं आणि पलीकडचं दिसावं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. दारिद्र्यरेषेखालच्या भागांत अशा सुधारलेल्या जागांभोवती गोळीबार २९ टक्क्यांनी आणि घरफोड्या जवळजवळ २२ टक्क्यांनी उतरल्या. आणि बाहेर पडताना वाटणारी धास्ती निम्म्याहून कमी झाली, लोक बाहेर येऊन बसायला लागले. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी घरांच्या काही वसाहतींत असेच सोडत काढून मोठे दिवे लावले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे एक तृतीयांशाहून अधिक घटले. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात घरफोड्यांनी उच्छाद मांडला होता. तिथं लक्षात आलं की एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटतं. मग त्यांनी घराघरातले नाणी टाकून चालणारे विजेचे आणि गॅसचे मीटर काढले, कारण पुष्कळदा चोर त्या पैशांसाठी यायचे, आणि ज्याचं घर फुटलं त्याच्या भोवतालच्या पाचसहा घरांना त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. सगळ्या वसाहतीला नाही. फक्त त्या पाचसहा घरांना. काही वर्षांत घरफोड्या जवळजवळ पाव हिश्श्यावर आल्या.

हे वाचून मी बोळात जाऊन उभी राहिले, भर दुपारी. दिव्याच्या त्या वायरींकडे, फांदीकडे, वळणाकडे नीट बघितलं. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. दांड्यावर दिवा बसवणं, फांदी छाटणं, कारखान्याच्या मालकाला सांगून वळणापाशी तेवढी भिंत उतरवून जाळी लावणं, म्हणजे या तोंडापासून त्या तोंडापर्यंत दिसेल. दिवा फार झगझगीतही नको. त्यानं डोळे दिपतात आणि कडेचा काळोख आणखी गडद होतो. एवढं सगळं मी एका अर्जात लिहिलं आणि सह्या घ्यायला फिरले. वरच्या मजल्यावर ती मुलगी राहायला आली आहे, तिनंही सही केली. पलीकडच्या बायकांनी केली.

पण इमारतीत दुसराही एक अर्ज फिरतो आहे. बोळाला लोखंडी फाटक बसवा आणि रात्री दहा ते पहाटे सहा कुलूप लावा, असा. माझा त्याला विरोध आहे. फाटक लागलं तर त्या बायकांना पहाटे हमरस्त्यानं वळसा घालावा लागेल, जिथं भरधाव ट्रक असतात आणि एक माणूस नसतं. शिवाय कुलूप लावलेल्या बोळात कुणी चालणारंच उरलं नाही तर तो आणखी ओस पडेल. एका जागी बंदोबस्त केला की गुन्हा शेजारच्या गल्लीत सरकतो, अशी एक भीती नेहमी घातली जाते. अमेरिकेतल्या जर्सी सिटीमध्ये वाइसबर्ड यांच्या अभ्यासात तसं झालं नाही. पोलिसांनी जिथं लक्ष घातलं त्याला लागून असलेल्या भागांतही सुधारणा दिसली. हे मी आवारातल्या बैठकीत सांगितलं. लोकांनी ऐकूनही घेतलं.

माई ऐकून घेत नव्हत्या. त्या खुर्चीत ताठ बसून होत्या. म्हणाल्या, "तुझं सगळं बरोबर असेल गं. मी त्या तोंडाशी पोहोचले की मला घाम फुटतो. ते तुझ्या अभ्यासात आहे का?" मी गप्प झाले. ज्या बाईच्या गळ्याला हिसका बसला, तिला फाटक हवं असेल तर नको म्हणायचा मला काय अधिकार? आणि पावणेपाचला निघणाऱ्या त्या बायका या बैठकीत नव्हत्या, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीनं नको म्हणायला हवं होतं तेही मीच. पुढच्या बैठकीला त्यांच्यातल्या दोघी येतील, असं मी ठरवून टाकलं आणि तसं बोललेही. एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडू देत.

बैठक संपल्यावर माईंनी चष्मा लावला, माझा अर्ज पूर्ण वाचला आणि सही केली. मग फाटकाचा अर्ज पुढे ओढला आणि त्यावरही केली. "दिवा लागून एक पावसाळा टिकू दे," म्हणाल्या, "मग ही सही मागे घेईन."

दोन्ही अर्ज सोमवारी एकाच लिफाफ्यातून गेले.